पेटलेल्या पाण्याचा किनारा

भिलाईच्या मुलांना रात्रीच्या आकाशातील उजेडाचे नवल वाटत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि वितळलेली धातुमळी ओतताना क्षितिजावर पसरणारी तांबूस आभा त्या नगरीच्या रात्रींचा एक भाग होऊन गेली. कोठे तरी माणसे जागी आहेत, पोलाद तयार होत आहे, एवढे त्या आभेवरून घरबसल्या कळते. वाचकहो, आज आपणांस एका अगदी वेगळ्या उजेडाकडे न्यावयाचे आहे. तो निळा आहे, थंड आहे, आणि माणसाने पेटविलेला नाही.

त्यासाठी भिलाईकराला देश आडवा ओलांडावा लागेल. दुर्गहून नागपूरमार्गे मुंबईच्या दिशेने यावे, तेथून कोकण रेल्वे धरावी आणि कुडाळला उतरून मालवण गाठावे. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. किल्ला पाहून प्रवासी बहुधा परत फिरतात. आपण मात्र थांबावे, कारण या किनाऱ्याचे खरे जीवन वाळूवर चालते.

येथे रापण ओढली जाते. होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार टाकीत जातात, आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरील माणसे खांद्याला खांदा लावून ओढतात. म्हातारे असतात, तरुण असतात, आणि आलेल्या मासळीत प्रत्येकाचा वाटा असतो. एका माणसाच्या बळावर रापण येत नाही, आणि एका माणसाच्या घरी ती जातही नाही.

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की एखाद्या अंधाऱ्या रात्री या किनारपट्टीवर पाणी पेटते. लाट फुटताना तिच्या कडेला निळी रेघ उमटते. ओल्या वाळूवर पाऊल टाकावे, तर पावलाभोवती ठिणग्या उठतात. वल्हे मारले तर पाण्यात प्रकाशाचे भोवरे फिरतात. हा योग दरवर्षी ठरल्या दिवशी येईलच, असे नाही. २०२० च्या नोव्हेंबरात तो देवगडला आला, तसाच मुंबईच्या जुहूलाही आला, आणि शहरातील माणसे रात्री समुद्रावर धावली.

हा चमत्कार एका पेशीचा आहे. नॉक्टिल्युका नावाचा हा जीव फार तर एक-दोन मिलिमीटर व्यासाचा, पारदर्शक थेंबासारखा असतो. त्याला धक्का लागला की त्याच्यातील एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि क्षणार्धाची चमक उमटते. तिच्यात उष्णता जवळजवळ नसते. असे अगणित जीव एकत्र आले म्हणजे समुद्र उजळतो.

जगात अशी ठिकाणे आणखीही आहेत. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर ला पार्गेरा हे मासेमारांचे गाव त्याच्या चमकत्या खाडीसाठी प्रसिद्ध झाले. तेथील प्रकाश दुसऱ्या जातीच्या सूक्ष्मजीवांचा. प्रवासी आले, त्यांच्यामागून यांत्रिक होड्या आल्या, दिवे आले, पाणी मळले, आणि खाडीचे तेज पूर्वीपेक्षा मंदावले. तेथे उजेड मावळणे हा धोक्याचा इशारा ठरला.

आपल्या अरबी समुद्रात कोडे नेमके उलटे आहे. येथे उजेड वाढणे हाच इशारा असू शकतो. या शतकाच्या आरंभापासून उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युकाचे मोठे ताटवे दिसू लागले आहेत. हा जीव इतर सूक्ष्म वनस्पती खातोच; शिवाय तेथील जातीच्या पोटात इवली हिरवी शैवले राहतात आणि त्याला अन्न पुरवितात. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ज्या सूक्ष्म वनस्पतींवर मासळीची अन्नसाखळी उभी असते, त्यांची जागा हा जीव घेतो. आणि त्याला आवडीने खातात ते जेलीफिशसारखे प्राणी. रापणीच्या वाट्याला त्यातून काय येणार?

किनाऱ्यावरून दूर पाहताना आणखी एका उजेडाची आठवण ठेवावी. तो माणसाने पेटविलेला आहे. प्रखर एलईडी दिवे लावून मासळी एकत्र खेचणाऱ्या नौकांची मासेमारी केंद्र सरकारने २०१७ मध्ये निषिद्ध ठरविली. तरीही ती चोरून चालते, अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार राहिली आहे. समुद्रात ज्या मासळीला अशा दिव्यांनी ओढून नेले, ती रापणीच्या जाळ्यात कशी यावी?

तेव्हा आपण मालवणला अवश्य जावे. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. विजेरी बंद ठेवावी, कारण हा प्रकाश अंधारातच दिसतो. वाळूवर सुकत घातलेली जाळी तुडवू नयेत आणि कचरा मागे ठेवू नये. मुलांना पाण्यात हात घालू द्यावा, परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवावा. आणि सकाळी लवकर उठून रापणीच्या दोराजवळ उभे राहावे. रात्री पाणी उजळले होते, आज जाळ्यात काय आले, असे तेथील वडीलधाऱ्यांना आदराने विचारावे.

भिलाईच्या मुलाला आकाशातील तांबड्या उजेडाचा अर्थ घरच्या माणसांनी सांगितलेला असतो. समुद्राच्या निळ्या उजेडाचा अर्थही कोणी तरी सांगावयास हवा. तो सांगणारी माणसे दोर खांद्यावर घेऊन किनाऱ्यावरच उभी आहेत.