पांढरी वायर

आपल्या मंडळाचा ट्रेलर तुम्ही पाहिलाच असेल. गणपतीचं मखर, लेझीम, नाटकाचे पडदे, चहाचे मोठे थर्मास असा सगळा संसार त्यात भरलेला असतो आणि वर्षातले अकरा महिने तो आमच्या ड्राइव्हवेत उभा असतो. बायको त्याला आमचं तिसरं अपत्य म्हणते.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील, अण्णा, सहा महिन्यांसाठी मिशिगनला आले होते. मिरजेत त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी ट्रक आणि ट्रॅक्टरचं वायरिंग केलं. इथे पहिले पंधरा दिवस नायगारा, शिकागो वगैरे झालं आणि मग माणूस कोमेजला. गाडी चालवता येत नाही, चालत जावं असं काही जवळ नाही. शेजारी हात हलवतो आणि आत जातो. "लेका, हितं माणसं हाईत, पण दिसत न्हाईत," असं ते एकदा म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

गणपतीच्या आधी आठवडाभर ट्रेलरचे मागचे दिवे लागेनात. पाहतो तर पुढच्या दांड्यापाशी उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. मी नवीन वायरिंग मागवायला लॅपटॉप उघडला. अण्णा म्हणाले, "ते मिटव. पक्कड आण."

ट्रेलरला इथे चार वायरी असतात. तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या सिग्नलची आणि ब्रेकची, हिरवी उजव्या बाजूची आणि पांढरी ग्राउंडची. अण्णांच्या भाषेत 'अर्थ'. त्यांनी दोन मिनिटांत रंग पाठ केले. वायर सोलली, तारांना पीळ दिला, सोल्डर मारलं, वर काळी टेप ताणून गुंडाळली. त्या दुपारी त्यांनी शिट्टी वाजवली. मी ती शाळेत असताना दुकानात ऐकायचो. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या आणि अण्णांनी मंडळातल्या प्रत्येकाला ट्रेलरमागे नेऊन दिवे दाखवले. ऑक्टोबरात ते परत गेले.

जानेवारीत संक्रांतीचा कार्यक्रम होता. सामान आवरून रात्री दहाला निघालो. निघण्यापूर्वी दिवे पाहिले, लागत होते. पुढे ट्रेलर घेऊन मी, मागे स्वतःच्या गाडीत मुलगी. लायसन्स मिळून तिला तीन महिने झाले होते. वाटेत एक हरिण आडवं आलं आणि मी जोरात ब्रेक दाबला. हरिण गेलं. मागे टायर घसरल्याचा आवाज झाला आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

उतरून मागे गेलो. तिची गाडी तिरकी होऊन ट्रेलरपासून हातभर अंतरावर थांबली होती. ती काच खाली करून एवढंच म्हणाली, "बाबा, तुमचे दिवे लागलेच नाहीत." बंद पेटीसारखा ट्रेलर, त्यामुळे माझ्या गाडीचे ब्रेकचे दिवे तिला दिसणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेप सोडवली. थंडीने तिचा गोंद गेला होता आणि कडा उलगडल्या होत्या. आत तांबं हिरवं-काळं पडलेलं. पांढरी वायर सोल्डरच्या अगदी कडेला तुटली होती. सोल्डर तारांमधून थोडं पुढे झिरपतं. तेवढा भाग कडक होतो आणि जिथे कडक भाग संपून मऊ सुरू होतो तिथेच वायर हलून हलून तुटते. वर आपल्याकडचं मीठ. डेट्रॉइट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि तिथलं मीठ आपण हिवाळाभर रस्त्यांवर ओततो. एकदा खारं पाणी टेपखाली शिरलं की ते वायरच्या आवरणातून आत आत चढत जातं.

मग आदल्या रात्री दिवे लागले कसे? ग्राउंड तुटला तरी हिचच्या लोखंडी गोळ्यातून वीज कशीबशी परत जाऊ शकते. गाडी उभी असताना दिवे लागतात, रस्त्यावर धक्के बसले की जातात. आणि जोड पूर्ण तुटलेला नसला तरी भरवसा नाही. एकच तार शिल्लक असली तरी मीटर 'ठीक' म्हणतो. पण जोडात १ ओहमचा अडथळा असेल तर ब्रेकचे दोन दिवे लागताना १२ पैकी अडीच-तीन व्होल्ट त्या जोडातच जिरतात. म्हणून अण्णा दुकानात मीटरपेक्षा दोन वायरी लावलेला २१ वॅटचा बल्ब वापरायचे. तो उजळला तरच जोड खरा.

यावेळी मी दाबून बसवायचे कनेक्टर आणले, आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक नळीचे. वायरच्या जाडीप्रमाणे त्यांचे रंग असतात: बारीक वायरला लाल, १६-१४ गेजला निळा, १२-१० ला पिवळा. काळं पडलेलं तांबं दिसेनासं होईपर्यंत वायर मागे कापली. एकही तार न तोडता सोलली. साध्या पकडीने न चेपता रॅचेटच्या क्रिंपरने दाबली. तो पुरतं दाबल्याशिवाय सुटत नाही. मग प्रत्येक जोड ओढून पाहिला. नळीला मधून कडेकडे हळूहळू ऊब दिली, दोन्ही टोकांना गोंद बाहेर दिसेपर्यंत. चारही जोड एकाच जागी न घेता मागेपुढे घेतले, म्हणजे गाठ होत नाही.

रविवारी अण्णांचा फोन आला. "दिवे कसे हाईत?" मी म्हणालो, "एकदम छान." पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मुलगी शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठून गेली. मग मी सगळं सांगितलं.

पलीकडे बराच वेळ शांतता. "पोर किती लांब थांबली?"

"हातभर."

"हे आधी सांगायचं असतंय." मग म्हणाले, "कुठनं तुटली? सोल्डरच्या कडंला न्हवं?"

"हो."

"जोडाच्या दोन्ही अंगाला पट्टी मारून वायर दांड्याला बांध म्हणून सांगितलं हुतं. बांधलीस?"

नव्हती बांधली. पट्ट्या आणल्या होत्या, गणपतीच्या गडबडीत राहिल्या. त्या अजून गॅरेजच्या खणात होत्या. तीन आठवडे मी अण्णांची चूक त्यांच्यापासून लपवत होतो आणि त्यातली अर्धी माझी होती.

मी मिठाचं सांगितलं तेव्हा ते चकित झाले. "रस्त्यावर मीठ? मग टेप कशी टिकंल! मला काय ठावं?" नंतर अर्धा तास नळी, गोंद, क्रिंपर यांचीच चौकशी. इतकं आम्ही वर्षानुवर्षं बोललो नव्हतो. शेवटी म्हणाले, "ती नळी हितं मिळती का बघतो. आणि आज बांध, फोन ठेवल्या ठेवल्या."

बांधली. बाहेर उणे आठ होतं. टॉर्च मुलीने धरला.

आता प्रत्येक कार्यक्रमाआधी आम्ही दोघं ट्रेलर जोडतो. मी ब्रेक दाबतो, ती मागे उभी राहून वायर हलवते आणि "लागला!" म्हणून ओरडते. पुढच्या वर्षी ती कॉलेजला जाईल. तेव्हा मंडळींनो, मागे उभं राहून ओरडायला एक माणूस हवा आहे.