पंपाचा वायसर

१९९३ साली आम्ही उभयता शाळेच्या आवारातील शिक्षक निवासात राहावयास आलो, तेव्हा संसारात पितळेचा एक प्रायमस स्टोव्ह होता. या जातीचा स्टोव्ह १८९२ साली स्वीडनमध्ये प्रथम तयार झाला. टाकीत हवा भरून रॉकेल वर चढवावयाचे, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ करावयाची आणि ती निपलातून सोडून पेटवावयाची, एवढीच त्याची रचना. पंपाच्या दांड्याच्या टोकाशी चामड्याची लहानशी वाटी असते, तोच वायसर. दांडा दाबला की वाटीची कड नळीला घट्ट बसून हवा टाकीत जाते. वर ओढला की कड सैल पडून बाहेरची हवा आत येते. ही वाटी फाटली, की पितळ कितीही चकचकीत असो, स्टोव्ह मुका.

ऐन पावसाळ्यात आमचा स्टोव्ह असा मुका झाला. बाजार चार दिवसांवर. कोणी सायकलच्या ट्यूबचे रबर सुचविले. परंतु रॉकेलने रबर फुगते. सायंकाळी वह्या घेऊन आलेला आठवीचा एक विद्यार्थी उघड्या पंपाकडे पाहत बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, मी करून देतो. पण वसतिगृहात सांगू नका."

त्याचे वडील आठवडी बाजारात पायताणे शिवीत. मुले त्याला काय म्हणत असतील, हे विचारण्याची गरज नव्हती. आमच्या वाडवडिलांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, त्याचा आम्हांला अभिमान आहे व राहील. परंतु त्या अभिमानाच्या छायेत वाढलेल्या मुलांनी चामड्याला हात लावणाऱ्यास हसावे? बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये आक्षेप घेतला तो जन्मावरून लादलेल्या व्यवसायावर, हातातल्या कसबावर नव्हे. वर्गात हे आम्ही अनेकदा शिकविले होते. त्या सायंकाळी मात्र ते आमच्याच उंबरठ्यावर उभे होते.

त्याने जुन्या चपलेचा मऊ पट्टा मागितला. कंपासने नळीपेक्षा थोडे मोठे वर्तुळ आखले, ब्लेडने कापले, मधोमध छिद्र पाडले. कोमट पाण्यात भिजविलेले कातडे औषधाच्या बाटलीच्या तोंडात अंगठ्याने दाबून रात्रभर तसेच ठेवले. सकाळी त्याची वाटी झाली होती. तिला खोबरेल पाजून त्याने ती दांड्यावर चढविली. चार दाब दिले, आणि स्टोव्ह घरघरू लागला. घरातून आवाज आला, "बाळा, पहिला चहा तुझा."

आम्ही कोणास काही सांगितले नाही. दोन महिन्यांनी भोजनगृहातील चहाचा स्टोव्ह बंद पडला, तेव्हा तो आपण होऊन पुढे आला आणि ओट्यावर सर्वांदेखत कातडे कापू लागला. एकाने विचारले, "हे कुठे शिकलास?"

"घरी," तो म्हणाला, आणि दुसरे वर्तुळ आखण्यासाठी कंपास त्याच्या हाती दिला.