दुरडीचा काठ

आत्याबाईंच्या हातची कागदाच्या लगद्याची शेवटची दुरडी फाल्गुनात माझ्या हातून पडली. माळ्यावरून सरगुंड्यांचा डबा काढायला स्टुलावर चढले होते. दुरडी आड आली म्हणून एका हाताने उचलली, आणि उजव्या अंगठ्यातली पकड एकदम गेली. दिवाळीपासून त्याच्या बुडाशी कळ येते. वाटी धरता येते, पण ओल्या लगद्याचा गोळा पिळता येत नाही. दुरडी फरशीवर नेमकी काठावर आपटली. काठाचा वीतभर तुकडा मोडला आणि तसाच लोंबत राहिला.

तो गळून पडला नाही, यानेच मी खाली बसले. माझी दुरडी अशी आपटली असती तर काठाच्या खापऱ्या झाल्या असत्या. हा तुकडा कशाला तरी धरून होता. चष्मा लावून पाहिले तर मोडलेल्या तोंडातून बारीक पांढरे तंतू निघाले होते. ती रुई होती. गादीतली, उशीतली, वेचणीनंतर उरलेल्या कवडी कापसाची. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, लगद्यात रुई घालत, हे मला पहिल्या उन्हाळ्यापासून ठाऊक होते. त्या ती कशासाठी घालत, हे मात्र मी एवढी वर्षे चुकीचे धरून चालले होते.

ज्यांनी लगद्याचे काम केले आहे त्यांना काठाचे दुखणे सांगायला नको. बुड कधी दगा देत नाही. पोट थोडे फुगते, ते वरवंट्याने बसवता येते. काठ मात्र कोणाचे ऐकत नाही. पालथ्या गंजावर लगदा थापला की काठ सगळ्यात रुंद घेरावर येतो, आणि वारा त्याला वरून-खालून दोन्हीकडून लागतो. तो आधी वाळतो. वाळताना त्याला आकसायचे असते आणि आतला पितळी गंज तसूभर हलत नाही. मग तिसऱ्या दिवशी दुपारी सपरीत बसले की टिक् असा आवाज येतो. उठून पाहावे तर काठावर उभी चीर, केसाएवढी. संध्याकाळपर्यंत तिच्यात नख जाते.

त्या चिरेसाठी मी काय काय केले! काठाला ओले फडके गुंडाळले, तर तिथे बुरशी आली. दुरडी कातड्यासारखी ओली-सुकी असतानाच गंजावरून उतरवली, तर ती एका अंगाला कलली आणि जन्मभर कललेलीच राहिली. गंज सोडून कापडात बांधलेल्या भुशाचे गाठोडे साचा म्हणून वापरले, म्हणजे लगदा आकसला की साचाही दबेल. चीर गेली, पण दुरडीला घाटच उरला नाही, नुसते खोलगट काहीतरी झाले. मेथी वाढवली. किलोभर कोरड्या रद्दीला पाव किलो मेथीचे पीठ हे आमच्या घरचे माप, ते मी अर्ध्या किलोवर नेले. चिकटपणा वाढला, आणि आकसणेही वाढले. चिंचोक्याची खळ, धावड्याचा डिंक, बाभळीचा डिंक, सगळे करून पाहिले. वैशाखात आर्वीचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाते, म्हणून उन्हाला दोष दिला आणि रात्री थापायला लागले. रात्रीच्या दुरड्याही फुटल्या.

१९७९ साली मी सून म्हणून या गावात आले ती पुलगावहून छोट्या गाडीने. १९१७ साली सुरू झालेली ती अरुंद रेल्वे कापूस वाहण्यासाठीच टाकलेली. त्या काळी आमच्या घरात कापसाला कमी नव्हती, कमी होती ती कागदाला. गल्लीत एकच वर्तमानपत्र यायचे. ते चार घरे वाचायची, मग ते फळीवर अंथरले जायचे, मग त्यात मीठमसाला बांधला जायचा, आणि वर्षाअखेरी जे उरेल ते आत्याबाईंच्या घंगाळात भिजायला पडायचे. एका दुरडीपुरती रद्दी जमायला दोन-अडीच महिने लागत. म्हणून मी समजले की त्या रुई घालतात ती भर म्हणून. ज्याच्या घरी दूध कमी तो चहात पाणी घालतो, तसे.

आणि ती रुई मला आवडत नव्हती. आत्याबाईंच्या दुरडीच्या काठाला लव असायची, बाळाच्या कानाला असते तशी. वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवला तरी ती डोके वर काढायची. माहेरी मी शहरातल्या दुकानातली भांडी पाहिली होती, मला गुळगुळीत हवे होते. दुसऱ्या उन्हाळ्यात मी बिनरुईची दुरडी केली. शिंपल्याने घासून तिचा काठ असा केला की शेजारच्या बायका त्यावरून बोट फिरवून पाहायच्या. आत्याबाईंनीही फिरवले. म्हणाल्या, “गुयगुयीत त झाली व बाई, पन काठ बोलते.”

काठ बोलतो म्हणजे टिक् करतो. त्यांनी चीर पडण्याआधी ऐकले होते. मला मात्र वाटले, सुनेचे कौतुक त्यांना सोसत नाही. त्या उन्हाळ्यापासून माझ्या दुरडीत रुई पडली नाही. त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी लगदा कुटत असे. त्या उखळाकडे पाहत असत. तेव्हाही मी विचारले नाही.

पुढचे सांगायला मला जड जाते, पण सांगते. फुटलेला काठ झाकण्यासाठी मी त्यावर जुन्या साडीचा काठ चिकटवायला लागले. आमच्याकडे करवतकाठी लुगड्यांचे जुने काठ ट्रंकभर होते, करवतीच्या दात्यांची ती नक्षी. खळ लावून काठावर काठ बसवला की चीर दिसत नाही आणि दुरडी नटल्यासारखी दिसते. लोकांना ते फार आवडले. मुलींच्या लग्नात रुखवतावर माझ्या दुरड्या मागून नेल्या गेल्या. एका प्रदर्शनात त्यांना पहिले बक्षीस मिळाले. तिथे एकाने विचारले की ही करवतकाठाची किनार तुमच्याकडची जुनी पद्धत का? मी हो म्हणाले. सासूबाईंकडून आलेली आहे, असेही म्हणाले. त्यांच्या दुरडीला किनार कधीच नव्हती, कारण त्यांच्याकडे झाकायला काही नव्हते. ते बक्षिसाचे ताट अजून देवघराशेजारी आहे.

२०१८ साली राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा आमच्या कामाला एकदम मागणी आली. प्रदर्शनांत ‘इको-फ्रेंडली’ लिहिलेल्या टोपल्या मांडल्या जाऊ लागल्या. त्या पाहून मला राग यायचा आणि अजूनही येतो. लगद्यात डिंकाच्या जागी बाटलीतला पांढरा गोंद, वर चकाकीचे वॉर्निश, कडेला प्लास्टिकची लेस. तो गोंद म्हणजे पाण्यात कालवलेले प्लास्टिकच. त्या टोपलीत कुरडया ठेवा, पावसाळ्यात त्यांना दमट वास येतो, कारण वॉर्निशमुळे तिला श्वासच घेता येत नाही. मेथीच्या दुरडीत ठेवलेल्या डाळीला पोरकिडा कमी लागतो आणि दुरडी जुनी झाली की उकिरड्यावर तिची माती होते. शाळांमध्ये ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून शीतपेयाच्या बाटलीवर चमकी चिकटवून बाहुली करायला लावतात, तेही मला पटत नाही. ती बाहुली आठ दिवसांनी पुन्हा टाकाऊच होते, आणि आता तर तिच्यावर चमकीही असते. मुलांना मेथी कुटायला द्या, चिंचोके भाजायला द्या, त्यांच्या हाताला वास लागू द्या.

हे सगळे मी तावातावाने बोलत असे, आणि माझ्या स्वतःच्या दुरडीचा काठ फुटलेला असे, साडीखाली.

आमच्या जिल्ह्यात तर कापसाच्या धाग्याचे मोल शिकवायला कोणी नको होते. वर्ध्याला मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाचे काम चालले, संघाचे काम पाहणारे कुमारप्पा तिथेच राहिले, आणि त्या कामांत हातकागद होताच. चांगला हातकागद चिंध्यांचा होतो, सुती चिंध्यांचा, कारण कापसाचा धागा लांब असतो. गांधीजींनी १९३८ च्या ३० डिसेंबरला उघडलेल्या मगन संग्रहालयात मी दोनदा जाऊन आले आहे. दोन्ही वेळा इतरांच्या वस्तूंची सफाई आपल्यापेक्षा चांगली आहे का, एवढेच पाहिले.

आता अंगठ्यामुळे गल्लीतली एक मुलगी मदतीला येते. कॉलेजात शिकते, दुपारी चारला येते, पिळण्याचे आणि कुटण्याचे काम तिचे. मोडकी दुरडी तिला दाखवली. तिने काही न बोलता ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला चाळीस वर्षांपूर्वीचा पेपर काढला, आजचा पेपर घेतला, आणि दोन्ही सावकाश फाडून दाराच्या उजेडात धरले. जुन्याच्या फाटलेल्या कडेला दाढीसारखे तंतू होते. आजच्याच्या कडेला जवळजवळ काही नव्हते. “काकू, हा कागद रद्दीतूनच केलेला असंन,” ती म्हणाली. “दर वेळेस भिजवून कुटला का धागा आखूडच होत जाते.” चकचकीत पुरवणीचा कागद तर तिने फाडलाच नाही, जिभेला लावला. त्यावर पांढऱ्या मातीचा थर असतो. माझ्या घमेल्यात इतकी वर्षे धाग्याऐवजी माती वाढत होती, आणि मी उन्हाला शिव्या देत होते.

मग या चैत्रात आम्ही जुनी उशी उसवली. पहिल्या दिवशी रुई तशीच लगद्यात टाकली. दह्यातल्या गाठींसारखे गोळे झाले, थापताना बोटांखाली सरकू लागले. मुलगी म्हणाली, मिक्सरमधून काढू. मिक्सरच्या पात्याला रुईचा दोर गुंडाळला आणि मोटर तापली. तेव्हा मला एक गोष्ट आठवली जी मी पाहिली होती पण कधी मनात आणली नव्हती. आत्याबाई रुई ओली करून कात्रीने नखाएवढी कापत. आणि ती लगद्यात नंतर मिसळत नसत, कागदाबरोबर उखळातच घालत. तासभर मुसळाचा आवाज धप् धप् असा यायचा, मग हळूहळू चप् चप् असा व्हायचा. आवाज बदलला की त्या थांबत. आम्ही तेच केले. मुसळ तिच्या हातात, कान माझे. एका घमेल्याला मूठभर रुई.

ती दुरडी चार दिवस सावलीत वाळली. मी तिच्यापासून उठले नाही. टिक् झाले नाही. दुसरी मात्र फुटली, कारण मेथीचे पीठ थोडे उरले होते ते मी तिच्यात घातले. तिसरी वाळते आहे.

आत्याबाईंना धाग्याचे हे ठाऊक होते का, याचा मी रोज विचार करते. कधी वाटते, त्याही कागद वाचवायलाच रुई घालत असतील आणि काठ आपोआप टिकत असेल. कधी त्यांचे ते वाक्य आठवते आणि वाटते, ठाऊक नसते तर त्यांनी कान लावला नसता. त्या माझ्यापासून दोन हातांवर बसून वर्षानुवर्षे माझी दुरडी ऐकत होत्या.

परवा त्या मुलीने काठावरची लव जाळायला मेणबत्ती आणली. ज्योत अलगद फिरवली की लव जाते आणि काठ गुळगुळीत होतो, हे तिने कुठेतरी पाहिले होते. मी नको म्हणणार होते, पण माझा हात आधीच शिंपल्याकडे गेला होता. शिंपला खाली ठेवला. मेणबत्तीही तिने न सांगता खिडकीत ठेवून दिली.

मोडलेला तुकडा आम्ही ओला करून जागेवर बसवला आहे. दोन्ही तोंडांचे तंतू पाण्याने मऊ केले, बोटांनी एकमेकांत घातले, वरून पातळ लगदा भरला. साडीच्या काठाची ट्रंक मी उघडली नाही. जोड दिसतो, रंगाने थोडा गडद. आज तिसरा दिवस आहे. ऊन सपरीच्या पायरीपर्यंत आले की तिला आतल्या खोलीत हलवायचे आहे, आणि ते दोन हातांनी करायचे, म्हणून चार वाजायची वाट पाहते आहे.