बाटलीवरची बारीक अक्षरे

मी नववीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. माझे अब्बा शिंपीकाम करतात. त्या वर्षी त्यांना मधुमेह झाला. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली. अम्मीने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. अब्बा मुकाट्याने बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. तरीही दोन महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा साखर कमी झाली नव्हती. अम्मी काळजीत पडली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुकानात अब्बांच्या मदतीला जाऊ लागलो. दुपारी उकाडा वाढला, की अब्बा म्हणत, "जा बेटा, एक थंड बाटली घेऊन ये." मी ६०० मिलिलिटरची बाटली आणत असे. मी दोन घोट घेई. बाकीची बाटली अब्बा काम करता करता संपवत.

एके दिवशी वीज गेली. मशीन थांबले. रिकामा बसलो होतो, म्हणून मी बाटलीवरची बारीक अक्षरे वाचू लागलो. '१०० मिलिलिटरमध्ये साखर ११ ग्रॅम' असे छापले होते.

"अब्बा, अकराच ग्रॅम साखर आहे!" मी म्हणालो. अब्बांना बरे वाटले.

पण त्याखाली लिहिले होते, 'एका वेळचे प्रमाण २०० मिलिलिटर'. मी चमकलो. म्हणजे ही बाटली तिघांची होती! मी अब्बांचा खडू घेतला आणि फळीवर गुणाकार मांडला. अकरा गुणिले सहा, सहासष्ट ग्रॅम! चहाच्या एका चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. म्हणजे बाटलीत सोळा चमचे साखर होती. आणि आम्ही चहातले दोन चमचे बंद करून निश्चिंत झालो होतो!

अब्बा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग हसून म्हणाले, "आयुष्यभर लोकांची मापे घेतली, पण या बाटलीचे माप कधी घेतले नाही."

शाळा सुरू झाल्यावर मी ही हकिकत विज्ञानाच्या बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या सल्ल्यानुसार निरोगी प्रौढ माणसानेही दिवसाला अशी वरून घातलेली साखर सुमारे ५० ग्रॅमपेक्षा कमी खावी, २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. चिली देशात २०१६ पासून जास्त साखरेच्या पेयांवर मोठा काळा अष्टकोनी शिक्का छापतात. त्या कायद्यानंतर तेथे अशा पेयांची खरेदी घटली." मला वाटले, असा शिक्का आमच्या बाटलीवर असता, तर मी ती पहिल्याच दिवशी परत ठेवली असती.

आता दुकानात माठ आहे. अब्बांचे औषध आणि पथ्य दोन्ही चालू आहेत. पुढच्या तपासणीत त्यांची साखर थोडी उतरली, तेव्हा अम्मीच्या चेहऱ्यावर हसू आले.

मित्रांनो, बाटलीवरचा आकडा खरा होता. आम्ही तो अर्धाच वाचला होता. तुम्ही बाटली घ्याल, तेव्हा दोन आकडे पाहा : साखर किती मिलिलिटरमागे लिहिली आहे आणि बाटली किती मिलिलिटरची आहे. मग गुणाकार करा. तो आपल्याला पाचवीतच शिकवला आहे.