कागदाची पाठ

कागदाच्या पाठीवर चित्र काढायचं, हे आधी पचनीच पडत नाही. काचेवर काळी शाई रोलरने पातळ पसरायची, जरा आटू द्यायची, वर कागद अलगद टेकवायचा आणि पेन्सिल पाठीवरून चालवायची. रेघ उमटते ती खाली, आपल्या नजरेआड. कागद उलटावा तर रेघ केसाळ, किंचित थरथरलेली; आणि जिथं जिथं तळहात टेकला तिथं राखाडी ढग. पॉल क्लेच्या १९२२ सालच्या ‘ट्विटरिंग मशीन’ या चित्रातल्या रेषा जवळपास अशाच उतरल्या आहेत. ते डाग त्याने राहू दिले, हे मला त्याच्या रेषेइतकंच आवडतं.

छापचित्रांचा प्रयोगशील वर्ग म्हणजे मनाला येईल ते करायचं, असं समजून पुष्कळजण येतात. जस्ताची प्लेट तो समज लगेच उतरवते. तिच्या कडा कानशीने घासा, नाहीतर प्रेसचं ब्लँकेट कापलं जाईल. रेघा खोदायच्या द्रावणासाठी पाण्यात ॲसिड घाला. ॲसिडात पाणी कधीच नाही. नायट्रिकमध्ये रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच सारत राहायचे, नाहीतर रेघ कुरतडल्यासारखी येते. कागद आधी भिजवून टिपून ठेवायचा. इतकी शिस्त तर आम्हाला शाळेतही नव्हती!

पण खरी गंमत व्हिस्कॉसिटीत, म्हणजे शाईच्या घट्ट-सैलपणावर चालणाऱ्या रंगीत छपाईत. एरवी दगडावरच्या रंगीत छपाईत रंगागणिक वेगळा दगड लागायचा. रविवर्म्याच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती तशाच घरोघरच्या भिंतींवर गेल्या. हेटर यांच्या पॅरिसमधल्या ‘आतलिए १७’ या कार्यशाळेत कृष्णा रेड्डी आणि मुंबईचे कैको मोती यांनी एकाच प्लेटवरून अनेक रंग एकदम छापायची ही रीत घडवली. प्लेट वेगवेगळ्या खोलीची कोरायची. कडक रोलर फक्त उंचवट्यांना रंग लावतो, मऊ रोलर खोलगट भागातही उतरतो. पहिला रंग जवसाच्या तेलाने सैल केलेला असला, तर मागून आलेला घट्ट रंग त्याच्यावर बसतच नाही. जणू जेवण झालेल्या पाहुण्याला वाढायला गेलो. म्हणजे कुठला रंग कुठं बसणार हे बरंचसं तेलच ठरवतं. चित्रकाराच्या अहंकाराला हे झोंबतं, आणि झोंबावंच.

“हात काय पुसताय? आधी प्लेट पुसा,” वर्गाच्या बाई ओरडतात. केरोसीनच्या वासात प्रूफं वाळत पडलेली असतात. एकाचा निळा दुसऱ्याशी जुळत नाही. मग खाली पेन्सिलीने आवृत्तीचा आकडा कुठला घालायचा, यावर वाद सुरू होतो. मी सरळ १/१ लिहिते.