आईला नायट्रोत बसायचंय!

पायाखालची जमीन सरकणं हा वाक्प्रचार शाळेत पाठ केलेला. खोपोलीजवळच्या इमॅजिकात तो शब्दशः घडतो. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कातली ‘नायट्रो’ ही फ्लोअरलेस रोलर कोस्टर. खांद्यावरचा बार लॉक झाला की फलाट खाली जातो, पाय लटकतात.

आम्हा पेण-रोहेकरांचं थ्रिल म्हणजे साजगावच्या जत्रेतला आकाशपाळणा. आम्ही वर, आई कायम खाली, सुक्या मासळीची पिशवी सांभाळत. म्हणूनच ‘मला यात बसायचंय’ असं ती म्हणाली तेव्हा नाही म्हणवेना. गोळा मात्र माझ्याच पोटात!

साखळी गाडीला सुमारे ४० मीटर वर ओढते नि सोडून देते. पुढे इंजिन नाही, नुसतं गुरुत्वाकर्षण. पाच वेळा उलटं! आणि लूप गोल नसतो बरं का, पाण्याच्या थेंबासारखा असतो. गोल केला तर खालच्या वळणावर अंगावर भलताच भार येईल. हे ज्ञान मी रांगेतच पाजळलं.

‘ते राहू दे, चष्मा कुठे ठेवू?’

उतरल्यावर मी बाकावर डोकं धरून. आई फोनवर, रोह्याच्या मावशीशी: ‘गुडघ्याचं कारण सांगू नकोस गं, सगळं बसूनच असतं.’