पडत्या साम्राज्याचे शेजारी

सुट्टीत कशेळ्यास आलो म्हणजे जुनी पुस्तके पुन्हा चाळावयाची, हा आमचा नेम. यंदा नॉर्मनांचा इतिहास हाती आला. १०७१ साली रॉबर्ट गिस्काराने पूर्व रोमन साम्राज्याचे इटलीतील शेवटचे ठाणे, बारी, घेतले. त्याच वर्षी मांझिकर्टच्या रणात तुर्कांनी खुद्द बादशहास धरले. असा शेजारी खचलेला पाहून १०८१त गिस्कार समुद्र ओलांडून ड्युराझोवर आला. निमित्त काय, तर पदच्युत मायकेल बादशहास पुन्हा गादीवर बसवावयाचे! बरोबर आणलेला मायकेल मात्र तोतया होता.

आम्हांस हसू आले, पण टिकले नाही. सफदरजंगाशी १७५२ साली झालेल्या करारात शिंदे-होळकरांनी दिल्लीच्या बादशहाच्या रक्षणाची हमी घेतली, ती ५० लाख रुपये आणि पंजाब-सिंधची चौथाई यांच्या मोबदल्यात. आमचा बादशहा खरा होता, एवढेच.

१७३७त बाजीराव दिल्लीच्या वेशीशी गेला व शहर न जाळता परतला, हे वर्गात सांगताना आमचा आवाज नेहमी चढे. गिस्काराच्या पानावर मात्र आम्हीच तरुणपणी पेन्सिलीने ‘लुटारू’ असा शेरा मारून ठेवला आहे. तो खोडावा, की इतरत्रही लिहावा? तूर्त गावच्या वाण्याकडे रबर मिळाले नाही.